गिरणगावातून लाल बावटा का उतरला? एका खोलीतली दोन मतं

साचेखाते (धागाकर्ता)

ऑक्टोबर १९७०. परळ विधानसभेची पोटनिवडणूक. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतून त्या दिवशी दोन पुरुष मतदानाला गेले आणि दोघांनी दोन वेगळ्या चिन्हांवर शिक्का मारला. आजोबांचं मत कम्युनिस्ट पक्षाच्या सरोजिनी देसाईंना, बाबांचं शिवसेनेच्या वामनराव महाडिकांना. आजोबा साचेखात्यात विणकर, १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या गोष्टी त्यांच्या वडिलांकडून ऐकत वाढलेले. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे, अकरावी पास, गिरणीत बदली कामगार, म्हणजे कायम माणूस खाडा करेल त्या दिवशीच काम.

कृष्णा देसाईंचा खून त्याच वर्षी ५ जूनच्या रात्री लालबागमध्ये झाला होता. आपल्या आमदाराला मारलं गेलंय, त्याची विधवा पत्नी उभी आहे आणि मतदारसंघ गिरणी कामगारांचा. तरीही महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. हा आकडा मला वर्षानुवर्षं छळतो. एवढ्या थोड्या मतांचा फरक म्हणजे आमच्यासारख्या काही शे खोल्यांचा निकाल.

त्या आधी तेरा वर्षं, १९५७ ला, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत याच कामगारांनी कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत पाठवलं होतं. १९६७ लाही पाठवलं. कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनचं ऑफिस परळच्या दळवी बिल्डिंगमध्ये होतं आणि पोराला शाळेत घालायचं असो की मुकादमाने खाडा मांडलेला असो, माणूस तिकडे जायचा. मग हे सगळं कसं गेलं?

नेहमीचं उत्तर असतं, 'सेनेने मारामारी करून संपवलं.' दुसरं, 'बयाऐंशीच्या संपाने संपवलं.' दोन्हींत तथ्य आहे, पण माझ्या आजोबांचं मत मारामारीने बदललं नाही आणि बाबांचं मत संपाच्या बारा वर्षं आधीच बदललं होतं. माझं म्हणणं असं : कामगार आठ तास गिरणीत असतो, सोळा तास चाळीत. पक्षाने आठ तासांची लढाई जिवापाड लढवली. महागाई भत्ता, बोनस, पगारी रजा यांतलं काही आयतं मिळालं नाही, त्यामागे लाल बावट्याच्या माणसांचे तुरुंगवास आहेत. पण सोळा तास हळूहळू दुसऱ्याच्या हातात गेले. तुमच्या घरांत काय घडलं ते वाचायला आवडेल.

तिसरी पाळी

धागा काढलात ते बरं केलंत. पण मारामारी इतकी पटकन बाजूला सारू नका. डिसेंबर १९६७ मध्ये दळवी बिल्डिंगवर हल्ला झाला तो काय साधा होता? युनियनचं ऑफिस फोडणं म्हणजे नुसती खुर्च्या-टेबलं मोडणं नव्हे. तिथे कामगारांच्या तक्रारींचे कागद होते, दावे होते. आमचे काका सांगायचे की त्यानंतर संध्याकाळी ऑफिसात बसायला येणारी माणसं कमी झाली. घरून बायका जाऊ द्यायच्या नाहीत.

आणि काँग्रेसचा हात विसरू नका. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात लोक सेनेला 'वसंतसेना' म्हणत, ते उगाच नाही. कम्युनिस्टांना कामगारांतून उखडायचं होतं, ते काम कुणीतरी करत होतं, सरकार बघत होतं.

साचेखाते

तिसरी पाळी, मान्य. धाक होता आणि त्याला सरकारी आशीर्वाद होता. तरी मला एक प्रश्न पडतो. पोलिसांच्या गोळ्या, कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरचा मीरत कटाचा खटला, ब्रिटिशांचे तुरुंग हे सगळं अंगावर घेऊन जी संघटना १९२९ नंतरही उभी राहिली, ती चाळीतल्या पोरांपुढे का वाकली? ती पोरं परकी नव्हती म्हणून. तुमच्याच युनियनच्या सभासदाचा मुलगा समोर दगड घेऊन उभा असेल तर काय करणार?

कायद्याचा पेच

इथे एका गोष्टीचा उल्लेख व्हायलाच हवा, ती म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. या कायद्याने एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' संघटना. वाटाघाटी तीच करणार, करारावर सही तीच करणार. गिरण्यांमध्ये तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला, म्हणजे काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेकडे. सभा लाल बावट्याची भरायची, गेटवर माणसं लाल बावट्याची जमायची, आणि सही दुसऱ्याची. कामगार संप करायचा डांग्यांच्या शब्दावर, पण कराराच्या टेबलाशी डांग्यांना खुर्ची नाही.

तीस वर्षं असं चाललं तर माणूस कंटाळतोच. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याच्यावर विश्वास नाही. धागाकर्ते म्हणतात की पक्षाने आठ तास नीट सांभाळले. माझ्या मते कायद्याने ते आठ तासही पुरते त्यांच्या हाती राहू दिले नाहीत. बयाऐंशीच्या संपातली एक मुख्य मागणी हा कायदा बदला अशीच होती, हे आज कुणाला आठवतही नाही.

वरळीची लेक

धागाकर्ते, 'दोन पुरुषांची मतं' असं लिहिलंत. खोलीत बाई नव्हती का? आजीचं मत कुठे गेलं?

आणि 'कामगार' म्हणताना तुम्ही सगळे साचेखात्याचाच विचार करताय. मी बीडीडी चाळीतली. आमच्या घरातली माणसं त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होती, साचेखात्यात नव्हती, कारण तिथे आम्हाला घेतच नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात) घ्यावा लागे, आणि आमच्या उष्ट्याचा धागा बाकीच्यांना चालत नसे. साचेखात्यातला पगार जास्त. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. युनियन एवढी बलाढ्य, मालकाला गुडघ्यावर आणणारी, पण आपल्याच सभासदांना ही शिवाशिव सोडायला लावायची ताकद तिने तितक्या जोराने वापरली नाही.

म्हणून 'पारंपरिक मतदार पक्षापासून का तुटला' असं विचारताना, तो सगळा कधी जोडला गेला होता का, हे आधी विचारा. ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, कामगार मैदानावर एका व्यासपीठावरून भाषणं झाली. माझे पणजोबा त्या सभेला होते. ते म्हणायचे, तसा दिवस पुन्हा आला नाही. १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेब याच मुंबईत पडले. तेव्हा कम्युनिस्टांनी काय केलं यावर आमच्या घरात अजून आवाज चढतो.

साचेखाते

वरळीची लेक, दोन्ही प्रश्न मला लागले. आजीचं मत कुणाला गेलं ते मला ठाऊक नाही, कारण मी बाबांना विचारलंच नाही. विचारतो.

साचेखात्याबद्दल तुमचं बरोबर आहे. आजोबा धोट्याची गोष्ट सांगायचे, पण ती 'त्या वेळी असंच होतं' अशा सुरात. माझ्या मूळ लेखातला 'कामगार' हा प्रत्यक्षात मराठा-कुणबी विणकर होता, आणि मी त्याला सगळ्यांच्या नावाने बोलायला लावलं. ही माझी चूक.

कोकणकडा

आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. गावची वीस-पंचवीस माणसं एका गाळ्यात राहायची, तीन पाळ्यांत झोपायची. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरली. गिरणीत चिकटायचं तर गाववाला जॉबर, म्हणजे माणसं भरती करणारा मुकादम लागायचा. त्यामुळे युनियन सुरुवातीला या गावकीतूनच पसरली. जॉबर आला की त्याच्यामागे अख्खा गाव आला. ही पक्षाची खरी मुळं होती, आणि अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकरांच्या लाल बावटा कलापथकाने त्या मुळांना पाणी घातलं. लावणी, पोवाडा, वग सगळं आपल्या बोलीत. अभ्यासवर्गाला न जाणारा माणूस कलापथकाला जायचा.

साठच्या दशकात काय राहिलं होतं? महाराष्ट्र मिळाला, १ मे १९६०. समिती विस्कटली. चीनच्या युद्धानंतर 'कम्युनिस्ट म्हणजे देशद्रोही' असा गलका सुरू झाला, मग १९६४ ला पक्षच फुटला. ज्या मराठीपणावर पक्षाने पाच वर्षं राजकारण केलं, त्याचं पुढे काय करायचं याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. राज्य मिळालं, आता मराठी माणसाचा प्रश्न सुटला, पुढचा प्रश्न वर्गाचा, असं त्यांना वाटलं असावं. पण चाळीतल्या पोराला राज्य मिळूनही नोकरी मिळेना. बाळ ठाकऱ्यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकात कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येत. ते उत्तर चुकीचं होतं, विषारी होतं असंही मी म्हणेन, पण प्रश्न त्या पोराचाच होता.

तिसरी पाळी

कोकणकडा, नोकरीचा मुद्दा अगदी बरोबर. आमच्या काकांच्या पिढीत मुलगा दहावी-अकरावी झाला की बाप म्हणायचा, गिरणीत नको, ऑफिसात चिकट. तसंही गिरण्यांत नवी भरती होत नव्हती, काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या मागांकडे सरकत होतं. युनियन होती आत असलेल्यांची. बाहेर नाक्यावर उभा असलेला पोरगा कुठल्याही युनियनचा सभासद नसतो! शिवसेनेच्या शाखेने त्याला दार उघडलं. पुढे सेनेच्याच स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा, विमान कंपन्यांत मराठी मुलांची भरती करून घेतली. ज्या घरात एकाला बँकेत नोकरी लागली ते घर तीस वर्षं सेनेचं झालं.

साचेखाते

हेच मला म्हणायचं होतं आणि नीट म्हणता आलं नव्हतं. पक्ष बापाशी बोलत राहिला, शाखा मुलाशी बोलली.

यात कृष्णा देसाई वेगळे होते. नगरसेवक म्हणून ते अनेकदा निवडून आले होते, व्यायामशाळेतल्या पोरांत त्यांची उठबस होती, नाक्यावरच्या भाषेत ते बोलू शकत होते. गिरणीचं गेट आणि चाळीचा नाका या दोन्ही ठिकाणी पाय असलेला तो माणूस होता, आणि मारला गेला तोच. पक्षात डांग्यांसारखे विद्वान होते, निष्ठावंत होते, पण देसाईंची जागा घेईल असं कुणी नव्हतं. मला तर वाटतं, ५ जूनच्या रात्री पक्षाचा आमदार गेला त्याहून मोठं नुकसान हे झालं.

वरळीची लेक

पण मग १९७४ चं काय? १९७० ला सगळं संपलं असं सगळे लिहितात म्हणून विचारते. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक झाली. दलित पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीत दंगल पेटली, पँथरचे भागवत जाधव मारले गेले. शिवसेनेचा पाठिंबा काँग्रेसच्या रामराव आदिकांना होता. आणि निवडून कोण आलं? कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, डांग्यांची मुलगी. म्हणजे परळच्या पराभवानंतर सव्वातीन वर्षांनी लाल बावट्याने जागा जिंकली. आमच्या वस्तीने मतं काँग्रेसला दिली नाहीत, त्याचा त्यात मोठा वाटा होता. त्याच वर्षी गिरण्यांचा ४२ दिवसांचा संपही झाला. मेलेल्या पक्षाला हे जमतं?

कायद्याचा पेच

उत्तम मुद्दा. माझ्या लेखी खरा घाव त्यानंतरचा. जून १९७५ ला आणीबाणी आली आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला. संपबंदी, बोनसवर कुऱ्हाड, आणि कामगारांचा पक्ष सरकारच्या बाजूला. शिवसेनेनेही पाठिंबाच दिला होता, पण सेनेकडून कामगाराची ती अपेक्षा नव्हती. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याचाच राग येतो. १९७७ ला याच मुंबईतून लोकसभेवर गेल्या त्या अहिल्याताई रांगणेकर, आणि त्या मार्क्सवादी पक्षाच्या, आणीबाणीत तुरुंगात राहिलेल्या. म्हणजे लाल रंगाला मतं होती, ती दळवी बिल्डिंगला उरली नव्हती. १९८१ मध्ये खुद्द डांग्यांना पक्षाने काढून टाकलं.

शेफिल्डहून

मी मूळचा करी रोडचा, आता वीस वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये. डिसेंबर २०१९ ला इथे मजूर पक्षाच्या खाणकामगार पट्ट्यातल्या जागा एकामागून एक पडल्या तेव्हा मला लालबागच आठवलं. शेजारच्या बोल्सोव्हरमध्ये डेनिस स्किनर १९७० पासून खासदार होते, स्वतः खाणीत काम केलेले. तेही पडले. इथला खाणकामगारांचा संप १९८४-८५ चा, आपला १९८२ चा. संप हरल्यावर लगेच मतं गेली नाहीत, इथेही नाही. खाणी बंद झाल्या, त्याबरोबर युनियनचे क्लब, बँडपथकं ओस पडली, पोरं गोदामांत कामाला लागली आणि मग पस्तीस वर्षांनी मतं गेली. ब्रेक्झिट हे निमित्त ठरलं. पण एक फरक सांगतो : इथे नाक्यावर शाखा नव्हती. रिकामी झालेली जागा बराच काळ रिकामीच होती, म्हणून इतका वेळ लागला. आपल्याकडे जागा भरायला माणसं आधीच उभी होती.

घाटावरची

माझी आई सातारा जिल्ह्यातून लग्न होऊन परळला आली आणि खाणावळ चालवायची. अकरा माणसं जेवायला, सगळी गिरणीतली, पगार झाला की महिन्याचे पैसे. या बायकांना कामगार म्हणून कुणी मोजलं नाही, आणि संप झाला की उधारी त्यांच्या डोक्यावर. इथे मात्र लाल बावट्याच्याच एका बाईचं नाव घ्यायला हवं, प्रेमाताई पुरव. त्यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली, त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. म्हणजे सोळा तासांचं राजकारण कसं करायचं हे पक्षातल्या बायकांना कळलं होतं. महागाईविरोधी लाटणी मोर्चे आठवा, समाजवादी मृणालताई गोऱ्यांच्या बरोबरीने अहिल्याताई. पुरुष मंडळी गेटवरच्या सभेतच अडकली.

बयाऐंशीच्या संपात आईची खाणावळ बंद पडली. जेवणारे गावी गेले ते परत आलेच नाहीत.

तिसरी पाळी

संपाबद्दल एक. लोक म्हणतात कामगार सेनेकडे गेला. मग १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून बिनसलं तेव्हा तो सेनेच्या युनियनला सोडून घाटकोपरला कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात का गेला? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार बाहेर पडले ते सामंतांच्या मागे. डिसेंबर १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेतही दक्षिण-मध्य मुंबईतून सामंत खासदार झाले. आणि लगेच १९८५ ला महापालिका आली शिवसेनेकडे. तीच माणसं, तेच मतदान केंद्र, मध्ये काही महिने.

कोकणकडा

तिसरी पाळी, यात धागाकर्त्यांचा मुद्दा सिद्ध होतो की! लोकसभा म्हणजे गेट, महापालिका म्हणजे नाका. पाणी, गटार, शाळा यांसाठी डॉक्टरांकडे कोण जाणार? आणि गेट बंदच झालं तेव्हा उरला फक्त नाका.

अवांतर : २०१२ ला म्हाडाची गिरणी कामगारांची पहिली मोठी सोडत निघाली तेव्हा मी वडिलांचा अर्ज घेऊन धावपळ केली. सुमारे दीड लाख अर्ज, घरं सात हजारांच्या आत. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा घरांसाठी मिळायचा होता, २००१ ला तो नियम बदलून फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. १९९५ ते ९९ मराठी माणसाचं म्हणवणारं सरकार होतं, नंतर काँग्रेस-राष्ट्रवादीचं. जमिनीच्या बाबतीत कामगाराच्या बाजूने ठाम उभं कोण राहिलं? मोर्चे काढायला आलेल्यांत पुन्हा लाल बावट्याचीच म्हातारी माणसं होती. लोक मोर्चाला त्यांच्याबरोबर गेले आणि मत दुसऱ्याला देऊन आले. मीही दिलं. का दिलं, याचं मला आज नीट उत्तर देता येत नाही, आणि ते बोचतं.

साचेखाते

रविवारी बाबांकडे गेलो होतो. सगळा धागा वाचून दाखवला. शहात्तरी ओलांडली आहे, ऐकू कमी येतं, पण आकडे पाठ आहेत.

आधी आजीचं. बाबा म्हणाले, "कधी विचारलंच नाही." वरळीची लेक, उत्तर एवढंच मिळालं.

मग मी विचारलं, आजोबा इतके पक्के असताना तुम्ही सत्तर साली महाडिकांना मत का दिलंत? मला वाटलं, नोकरीचं सांगतील. ते म्हणाले, "घरी येणारे कॉम्रेड चांगली माणसं होती. अण्णांशी, म्हणजे तुझ्या आजोबांशी, तास तास बोलायची, मला 'काय, अभ्यास काय म्हणतो' विचारून निघायची. शाखेतून रात्री अकराला बोलावणं आलं, मंडपाचे बांबू उतरवायचेत, चल. कुणीतरी मला काम सांगितलं." नोकरीचं नाव त्यांनी काढलंच नाही. मी इतकी वर्षं जे गृहीत धरून होतो ते त्यांच्या मनात पहिलं नव्हतंच.

चौऱ्याहत्तर? "रोझाताईंना." मी चकित झालो. तोवर त्यांना साच्यावर कायम केलं होतं, आणि ४२ दिवसांच्या संपात ते आजोबांच्या बरोबर गेटवर उभे होते. चौऱ्याऐंशीला सामंत. पंच्याऐंशीला महापालिकेत शिवसेना, कारण शाखेने चाळीचा नळ दुरुस्त करून घेतला होता. तुम्ही सगळ्यांनी जो नकाशा काढलात तो त्यांच्या एकट्याच्या मतांत सापडला.

आणि १९८९ च्या लोकसभेला? पुन्हा वामनराव महाडिक, एकोणीस वर्षांनी. बाबा तेव्हा वरळीच्या एका इमारतीत रात्रपाळीला वॉचमन होते. तिथे तीन वॉचमन होते, तिघेही साचेखात्यातले.